सोन्यातली फट

"सोनं तोडते? अन् तोडून ठेवते कुठी?" शेजारच्या विमलताईंनी विचारलं आणि मांडवात हशा पिकला.

बबिता ओशाळून हसली. फुलसावंगीजवळच्या या तांड्यातली ती पहिली डॉक्टर, आणि तीही सुई न टोचणारी! बंगळुरूच्या प्रयोगशाळेतून सुट्टीवर आली, तर बापाने, रामसिंगने, सत्कारच मांडला.

"ताई, सोन्याची लई बारीक तार असते," ती सांगू लागली. "ते तुटेपर्यंत ताणाची. तुटली का मधात फट पडते. त्या फटीत एकच रेणू अडकवाचा, म्हणजे रेणूचीच तार झाली. मंग मोजाचं, या टोकाचा इलेक्ट्रॉन त्याच्यातून त्या टोकाले कसा जाते."

लोकांनी माना डोलावल्या, पण डोळे जेवणाच्या पातेल्यांकडे. बबिता मागच्या रांगेतल्या थोरल्या बहिणीकडे पाहत होती. "जयाबाई, तुले तरी समजलं ना?"

जयाला सगळं समजलं होतं. का नाही समजणार? बारावीला विज्ञानात तालुक्यात नाव काढलं ते तिने. बबिताला गणित शिकवलं तेही तिनेच. पण आईने अंथरूण धरलं, यवतमाळच्या कॉलेजातला प्रवेश राहून गेला, मग लग्न, पोरं, शेत. बबिताची कॉलेजातली पुस्तकं मात्र ती गुपचूप वाचत राहिली. आणि आता गळ्यात हार घालून मिरवतंय कोण, तर धाकटी! जयाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नाही बा," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "आमच्यासारख्या अडाण्याले काय समजते?"

बबिताचा चेहरा पडला. जयाला बरं वाटलं. हो, चक्क बरं वाटलं!

संध्याकाळी ती माहेरच्या चुलीपुढे भाकरी थापत होती. रामसिंग पाणी मागायला आत आला आणि तिथेच घुटमळला. "जया, मधात फट हाय म्हणते, मंग ते इलेक्ट्रॉन पार कसं होते? पडत नाही काय?"

"पडाले ते काय गोटी हाय, बा? रेणू आखूड असला का इकून तिकडे सरळ पार. मधात टेकाचं कामच नाही."

"हे बबितानं सांगतलं वाट्टे तुले?"

"मी नाही सांगतलं." बबिता दारात उभी होती. रामसिंग लोटा घेऊन मुकाट्याने बाहेर सटकला. "मंग मांडवात नाही काहून म्हटलं?"

जयाने भाकरी तव्यावर टाकली. आता खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"जळतो मी तुह्यावर. दुसरं काय? तू कॉलेजात गेली तवापासून जळून राह्यलो."

बबिता तिच्याजवळ खाली बसली. "मले वाटे, माह्या कामाचं तुले काही सोयरसुतकच नाही."

जया पीठ मळत राहिली. पण मघापासूनचा प्रश्न काही गप्प बसू देईना.

"रेणू लांब असला तर? एका दमात कसा जाईन?"

"नाही जात!" बबिता पुढे सरसावली. "मंग मुक्काम करत जाते. आपले जुने लोक बैलायवर माल लादून जात ना, तसं. इथी टेकला, मंग पुढे."

"म्हणजे लांबी वाढली तरी करंट एकदम पडत नसन," जया बोलून गेली. "हळूहळू कमी होत असन."

"हो बाई. तसंच होते."

जयाला विलक्षण आनंद झाला, आणि लगेच वाटलं, हे आपल्यालाही जमलं असतं. बबिता वाईट असती, तर जळणं तरी सोपं गेलं असतं.

तिने तव्यावरची भाकरी काढून बहिणीच्या ताटात टाकली.

"खाऊन घे," ती म्हणाली. "अन् पुढचं सांग."