पायथ्याच्या फळीचं माप

मित्रांनो, मी सागवानाचा पाळणा. सावनेरच्या रामाजी सुताराने मला घडवलं आणि माझ्या कडेवर पोपट कोरले. लेकरांनी चोखून चोखून त्यांच्या चोची केव्हाच गुळगुळीत करून टाकल्या. सत्तरच्या सुमारास मी नागपुरात, इंदोऱ्यातल्या कौसल्याबाईंच्या घरी आलो. वस्तीतल्या आया कामावर जाताना आपली लेकरं त्यांच्याकडे ठेवून जायच्या.

जन्माची तारीख कुणाच्या ध्यानात नसायची. म्हणून कोणतं लेकरू तान्हं आणि कोणतं मोठं, हे ठरवायचं काम कौसल्याबाईंनी माझ्यावर सोपवलं. लेकरू माझ्यात मावतं तोवर महिन्याचे वीस रुपये. त्याचे पाय पायथ्याच्या फळीला टेकले, की ते खाली सतरंजीवर आणि भाव बारा. दर एक तारखेला साऱ्या आयांसमोर माप व्हायचं, म्हणून कधी भांडण नव्हतं. काय मान होता माझा! दुपारी माझी दोरी ओढत बाई गायच्या,

जो जो वं माय, पंख फुटू दे हळू,
आई गेली कामाले, नको मांगं पळू.

वच्छलाची जयवंता मात्र दोन वर्षांची झाली तरी माझ्यात मावायची. चुरूचुरू बोलायची, घरभर धावायची, पण अंगाने अगदी काडी आणि उंचीनेही ठेंगणी. वच्छला सूतगिरणीत जायची. नवरा आजारपणाने घरी बसला आणि तिला वीस रुपये जड झाले.

"या एक तारखेले पाय नाही टेकले, तर पोरीले रामटेकले मायकडे धाडा लागते, कौसल्याबाई. तिच्याबिगर घर खायले उठीन."

"तुह्यासाठी भाव उतरवला, तर साऱ्याच म्हणतीन ना वं, आम्हाले काहून नाही?"

तो महिनाभर मी आखूड व्हायला बघत होतो. पण सागवान काही आखडत नाही.

एक तारीख उजाडली. आया यायच्या आधी कौसल्याबाईंनी माझ्या पायथ्याशी एक गोधडी घडी करून ठेवली आणि वरून चादर ताणली. मग सगळ्यांदेखत जयवंताला निजवलं. तिचे इवले तळवे त्या घडीत रुतले.

"टेकले," बाई म्हणाल्या. आवाज जरा बारीकच निघाला.

तुळसाबाई पुढे आली. तिने आपल्या पोराचे महिन्याचे वीस रुपये दीड वर्ष भरले होते. ती वाकली, चादरीखालचा उंचवटा तिने हाताने चाचपला. माझ्या कड्या भीतीने करकरल्या.

"टेकले वं," ती म्हणाली. "पोरगी बापावर गेली, लंबी निघाली!"

साऱ्या हसल्या. वच्छलाने पदर तोंडाशी धरला. जयवंता आपली आपणच माझ्यातून उतरली आणि सतरंजीवर जाऊन बसली.

मित्रांनो, आता मी माळ्यावर आहे. दोर उंदरांनी कुरतडले, सांधे सैल झाले. कधी मला खाली उतरवलंत, तर नवे दोर लावा, खिळे ठोकून घ्या. आणि माझ्यात निजलेल्या लेकराच्या पायांपाशी जागा उरली, तर त्याला नावं ठेवू नका. ते आपल्या वेळेने वाढेल. तोवर त्याला आईजवळ राहू द्या.