अस्वलीणबाईंच्या घरचं सूप

भट्टीवरून घरी यायला त्याला रोज दुपार व्हायची. लोक पहाटे कूस बदलून पांघरूण ओढून घेत असत तेव्हा हा पिठाशी झुंजायला लागलेला असायचा, आणि लोक जेवायला बसत तेव्हा जिना चढत असायचा. जिना काही फार मोठा नव्हता, पण शेवटच्या वळणावर पाय संपावर जायचे. पाव भाजणाऱ्याच्या अंगाला खमंग वास येतो असं लोक म्हणतात. त्याच्या बायकोचं म्हणणं असं, की खमंग वास पावाला येतो, माणसाला नुसता घाम येतो.

जेवण झालं की तो खाटेवर आडवा व्हायचा आणि शाळेतून आलेली लेक पुस्तक घेऊन त्याच्या बगलेत शिरायची. घरात तिला भिंगरी म्हणत. दिवसभरात ती एका जागी टिकायची ती एवढ्यापुरतीच. पुस्तक त्याच्या लहानपणचं होतं, पुठ्ठा सुटलेलं, कोपरे झिजून गोल झालेलं. गोष्ट एका साळिंदराची. त्याला थंडी फार वाजायची, पण काट्यांमुळे एकही कोट अंगात जायचा नाही, म्हणून ते आपल्या मापाचा कोट शोधत गावोगाव हिंडत होतं. हिंडता हिंडता चिंब भिजून ते अस्वलीणबाईंच्या दारात येतं. तिथून पुढची चार-पाच पानं काही म्हणता काही घडत नाही. बाई त्याचे मोजे चुलीपाशी वाळत घालतात. पातेल्यावरचं झाकण काढतात, वाफ येते, वाडग्यात सूप वाढतात. साळिंदर फुंकर मारत पितं. बाई म्हणतात, 'सावकाश रे बाबा, ते काही कुठे पळून जात नाही.' आणि इथे आमचे भट्टीवाले गाढ झोपी जायचे.

एखाद्या दिवशी नव्हे, रोज. सुपाच्या पलीकडे गोष्ट कधी गेलीच नव्हती. भिंगरी पुस्तक त्याच्या छातीवर पालथं घालून गुपचूप पडून राहायची. तिने कधी कुरकुर केली नाही, आणि त्याला तेच जास्त लागायचं. दिवसभर भट्टीने खाऊन जो काही बाप उरतो तो पोरीच्या वाट्याला येतो, असं त्याला वाटे. तिने पुढे काय होतं विचारलं की तो सांगायचा, पुढे तर खरी गंमत आहे, मला अख्खं पुस्तक पाठ आहे. यात खोटेपणा नव्हता. त्याची तशी अगदी खात्री होती. त्या पुस्तकासारखं पुस्तक जगात दुसरं नाही, हे सांगून सांगून त्याने भट्टीवरच्या मंडळींचे कान किटवले होते.

मग शाळेतल्या बाईंनी फर्मान काढलं, की सोमवारी प्रत्येकाने आपल्या आवडत्या पुस्तकाची गोष्ट वर्गात पूर्ण सांगायची. आई भिंगरीला म्हणाली, तुला घडाघडा वाचता येतं, बस आणि संपव एकदाची. भिंगरीने साफ नकार दिला. ते पुस्तक बाबाचं आहे, ते बाबाच वाचतो, असं तिचं म्हणणं होतं.

रविवारी सकाळी तो कामावरच होता, कारण रविवारी लोकांना पाव जास्त लागतो. दुपारी घरी आला तेव्हा खांदे भरून आले होते. बायकोने ताट वाढता वाढता हळूच म्हटलं, "अहो, आज तरी शेवटापर्यंत जा. पोरगी अर्धी गोष्ट घेऊन वर्गात उभी राहील. आणि पुढच्या वर्षी ती तुमच्याकडे पुस्तक घेऊन येईलच असं नाही."

पहिल्या दोन वाक्यांवर त्याने मान डोलावली. तिसऱ्यावर मात्र त्याने ताट पुढ्यात ओढलं आणि मान खाली घालून जेवायला लागला.

जेवून त्याने तोंडावर गार पाणी मारलं, कडक चहा घेतला आणि खाटेकडे पाठ करून स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर ताठ बसला. भिंगरी समोर स्टुलावर. इतक्या लांब बसून ऐकायची तिला सवय नव्हती, ती अवघडूनच बसली. तो वाचू लागला. मोजे वाळत पडले, झाकण निघालं, वाफ आली, आणि ओळी डोळ्यांपुढे पोहायला लागल्या. बायको मुद्दाम भांडी आपटत होती. त्याने मांडीला चिमटा काढला. अस्वलीणबाई 'सावकाश रे बाबा' म्हणाल्या, आणि त्याने पान उलटायला बोट घातलं.

पान उलटेना. आधी वाटलं, चिकटलं असेल. मग उजेडाकडे धरून पाहिलं. पुढची सगळी पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती. छापखान्यात कागद दुमडला होता, पण कापायचा राहून गेला होता. सुपापर्यंतची पानं हाताळून मळलेली होती, पुढचा कागद कोरा करकरीत होता. पुस्तक छापल्यापासून कोणीही तिथे पोचलेलं नव्हतं.

त्याने त्या जोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. लहानपणी त्याची आई त्याला हे पुस्तक वाचून दाखवायची. इस्पितळातल्या चादरी धुऊन यायची, पाण्याने बोटं पांढरी पडलेली असायची, आणि ती बोटं ओळीवरून सरकायची. पुढचं काय आठवतं म्हणून त्याने डोक्याला ताण दिला. पुढचं काहीच नव्हतं. तिचा संथ श्वास होता, साबणाचा वास होता आणि पोटावर पडलेला तिचा जड हात होता.

"काय झालं, बाबा?" भिंगरी म्हणाली. "तुला पाठ आहे ना?"

"आजी इथपर्यंतच वाचायची. तिला इथे झोप लागायची."

"रोज?"

"रोज."

"मग तू रागवायचास?"

"नाही गं. मला वाटायचं, पुस्तक असंच असतं."

आई किती दमलेली असायची हे तेव्हा त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आज आलं, आणि तिच्यासाठी जीव कळवळला. पण त्या दुपारींत काही कमी होतं असं मात्र, किती आठवून पाहिलं तरी, त्याला म्हणता येईना.

भिंगरीने पाव कापायची सुरी आणून दिली. त्याने कडा जपून कापल्या आणि गोष्ट शेवटापर्यंत वाचली. शेवटी एक म्हातारं घुबड साळिंदराला सांगतं, की तुझे काटे हाच तुझा कोट, उगाच असमाधानी राहू नये. साळिंदर घुबडाचे आभार मानतं आणि घरी जातं.

"मग त्याची थंडी गेली का?" भिंगरीने विचारलं.

ते काही पुस्तकात नव्हतं. तो म्हणाला, बहुतेक नसावी. ती 'बरं' म्हणाली आणि खेळायला गेली. त्याला वाटलं, शेवटापर्यंत नेण्याच्या नादात आपण सगळंच घालवून बसलो. त्या दुपारी खाटेवर पडूनही त्याचा डोळा लागला नाही.

सोमवारी तो जिना चढून आला तेव्हा भिंगरी आधीच घरी होती. हातपाय धुता धुता त्याने विचारलं, कशी झाली गोष्ट. ठीक झाली, ती म्हणाली. सुपापर्यंत सांगितली. बाईंनी विचारलं, पुढे काय.

"मग? घुबडाचं सांगितलंस ना?"

"नाही. मी म्हटलं, पुढे बाबा झोपतो."

त्याने टॉवेल तोंडावर धरला आणि बराच वेळ काढला नाही. जेवून तो खाटेवर आडवा झाला. ती पुस्तक घेऊन बगलेत शिरली आणि त्याचा हात उचलून तिने आपल्या पोटावर ठेवला. त्या दिवशी अस्वलीणबाईंनी पातेल्यावरचं झाकण काढायच्याही आधी तो झोपला.