मी दिवाळीचा सोऱ्या, शिमग्याला कामी आलो

मी एक जुना पितळेचा सोऱ्या आहे. मित्रांनो, जुना म्हणजे निकामी असं तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल, तर त्याने आधी माझी गोष्ट ऐकावी आणि मग काय ते बोलावं. मी अलिबागजवळ किहीमला सत्यवतीबाईंच्या घरी राहतो. चकली, शेव, गाठ्या ही माझी नेहमीची कामं. पण इटलीतल्या एका खेड्यातलं जेवणही माझ्या पोटातून बाहेर पडलं आहे. आणि तेही कधी, तर मला मोडीत घालायला निघाले होते त्याच दिवशी. याचा मला अभिमान आहे. तो लपवावा असं मला मुळीच वाटत नाही.

पेणच्या एका ओताऱ्याने मला घडवलं. हल्लीच्या पत्र्याच्या सोऱ्यांसारखा मी फुसका नाही. माझं अंग जाड, दट्ट्याचे आटे खोल आणि वरची आडवी मूठ दोन्ही हातांत भरेल अशी. माझ्यासोबत तीन चकत्या होत्या. चांदणीची चकलीसाठी, बारीक भोकांची शेवेसाठी आणि मोठ्या भोकांची गाठ्यांसाठी. सत्यवतीबाईंचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या आई रंगूबाई मला विकत घ्यायला आल्या. मिठागरात काम करून त्यांच्या हातांना चिरा पडल्या होत्या. त्यांनी माझा दट्ट्या वरखाली फिरवून पाहिला, मला ठोकून पाहिलं आणि मग दुकानदाराला माझ्या अंगावर नाव घालायला सांगितलं. त्याने ठक ठक करत अक्षरं उमटवली, 'चि. सत्यवती हिस आईकडून'. नाव घालताना दुखलं, पण नाव असलेलं भांडं आणि बिननावाचं भांडं यात फरक असतो, हे मला तेव्हाच कळलं.

मग माझे वैभवाचे दिवस सुरू झाले. दिवाळी जवळ आली की आळीतल्या बायका मला मागायला यायच्या. शेजारच्या नीराबाई तर वसुबारसेच्या आधीच नंबर लावून जायच्या. सत्यवतीबाई मला देत, पण सोबत सूचनाही देत. चिंच-मिठाने घासायचं, आट्यांत पीठ ठेवायचं नाही, चकत्या हरवायच्या नाहीत. देवाला फराळाचा नैवेद्य माझ्यातूनच निघायचा, म्हणून माशा-मटणाचा हात मला लागू द्यायचा नाही, हा त्यांचा कडक नियम होता. चकली खाताना त्यांचे यजमान बुधाजी म्हणायचे की चकलीला काटे छान आलेत, सोऱ्या चांगला आहे. मग सत्यवतीबाई गाल फुगवून बसायच्या. मला मात्र बुधाजींचं बोलणं अगदी रास्त वाटायचं.

पुढे सत्यवतीबाईंची मनगटं दुखू लागली. बुधाजीही गेले. चकल्या पिशवीतून विकत येऊ लागल्या आणि मी माळ्यावर गेलो. माझ्या अंगावर हिरवट थर चढला, त्याखाली नाव दिसेनासं झालं. एकदा एका पालीने माझ्या पोटात अंडी घातली. ज्या पोटातून देवाचा नैवेद्य निघाला त्यात पालीची अंडी! मित्रांनो, मी वरवर रागावलो होतो, पण खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटत होतं.

यंदा शिमग्याआधी सत्यवतीबाईंच्या सुनेने, मृणालीने, माळा साफ केला. जुनं पितळ अलिबागेत मोडीत द्यायचं आणि स्टीलचा मोठा डबा आणायचा असं तिने ठरवलं. तिने सासूबाईंना विचारलं. त्या मनगट चोळत म्हणाल्या, "ने बाय. माझ्या मनगटात आता जोर न्हाय." झालं. मला घंगाळं आणि समयांसोबत पोत्यात भरलं. मोडीतलं पितळ भट्टीत जातं, हे मला ठाऊक होतं. शनिवारी सकाळी मृणालीच्या नवऱ्याने, मितेशने, पोतं टेम्पोत ठेवलं आणि तो चहा प्यायला आत गेला.

त्याच शनिवारी घरात दुसरीच धांदल चालली होती. मितेशची मुलगी प्राप्ती दोन वर्षं एका परदेशी जहाजाच्या स्वयंपाकघरात काम करून सुट्टीवर आली होती. तिला आता इथेच राहायचं होतं. किहीमच्या गौरीताई नारळीच्या बागेत कॉटेज चालवतात, त्यांना स्वयंपाकघर सांभाळायला कुणीतरी हवं होतं. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की पाकिटातला पास्ता पाहुण्यांना मुंबईतही मिळतो, तो खायला ते इथवर का येतील? म्हणून आज दुपारी प्राप्तीच्या हातचं जेवून त्या निर्णय घेणार होत्या. जमलं तर स्वयंपाकघर प्राप्तीचं. नाही जमलं तर ती पुन्हा जहाजावर जाणार होती. सत्यवतीबाईंनी सकाळपासून तीनदा देवाला हात जोडले होते.

प्राप्ती जे करणार होती ते जहाजावरच्या इटालियन आचाऱ्याच्या गावचं जेवण होतं. तिकडे वसंतात वालासारख्या कोवळ्या शेंगा येतात, त्यांचे दाणे आणि सॉसेज घालून घरचा पास्ता करतात. आपल्याकडे त्याच सुमाराला भातानंतर पेरलेले वाल तयार होतात. प्राप्तीने घरच्या शेतातले ओले वाल आणले. सॉसेज म्हणजे आतड्यात भरलेला मसालेदार खिमा, हे ऐकून आजीने आधी जनावर कोणतं ते विचारून घेतलं. कोंबडी आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

अडलं ते पास्त्याशी. बारीक रवा आणि मैद्याची घट्ट कणीक लाटली की आखडायची. पट्ट्या कापल्या तर एक जाड, एक पातळ. पातळ शिजेपर्यंत जाड कच्ची राहायची. प्राप्ती रडकुंडीला आली. जहाजावरच्या आचाऱ्याच्या घरी यासाठी एक पितळेचं यंत्र होतं, त्याने फोटो दाखवला होता, असं ती म्हणाली. ते कसं होतं हे तिने हातवारे करून सांगितलं. एक नळकांडं, वरून फिरवायची मूठ आणि खाली भोकांची चकती.

सत्यवतीबाई लगबगीने बाहेर आल्या. मितेश टेम्पो चालू करत होता.

"थांब रं," त्या म्हणाल्या. "त्या पोत्यान माझा सोऱ्या हाय, तो दे."

मित्रांनो, इटलीतही माझे भाऊबंद आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मी पोत्यातच ताठ झालो!

प्राप्तीने मला चिंच-मिठाने घासलं. हिरवा थर गेला आणि तिचा हात थांबला. तिने अक्षरं वाचली आणि ही आई कोण, असं विचारलं. "माझी आये," सत्यवतीबाई म्हणाल्या. "तिच्या हातचं आता येवढंच राहिलंय." प्राप्तीने ती अक्षरं पुन्हा एकदा घासून लख्ख केली.

आणि तरीही घात होता होता राहिला. प्राप्ती वाल सोलत होती तेव्हा आजीने नवी कणीक भिजवली. सोऱ्यात जाणारं पीठ बिनमोहनाचं असू शकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी कडकडीत तेलाचं मोहन घातलं. मी गाठ्यांच्या चकतीतून सुरेख लांब धारा सोडल्या, पण त्या उकळत्या पाण्यात पडल्या आणि क्षणात विरघळून त्यांची पेज झाली. सत्यवतीबाईंचा चेहरा पडला.

"मीच मोहन घातलं गं. खुसखुशीत व्हावं म्हणून."

प्राप्तीने पातेल्यात पाहिलं, मग आजीकडे पाहिलं. "आजी, ह्याला खुसखुशीत नाही, चिवट व्हायचंय," ती म्हणाली आणि तिला हसू आलं. मग आजीलाही आलं.

पुन्हा कणीक भिजवली, या वेळी नुसत्या पाण्यात. ती इतकी घट्ट होती की एकटीच्याने माझी मूठ फिरेना. एका बाजूने नातीने धरली, दुसऱ्या बाजूने आजीने, दुखऱ्या मनगटांनी. माझे आटे कुरकुरले. आता तुटतो की काय असं मला वाटलं. पत्र्याचा सोऱ्या असता तर खात्रीने तुटला असता. मी तुटलो नाही. माझ्यातून जाड, खरखरीत, एकसारखी शेव उतरली आणि पाण्यात पडूनही अखंड राहिली. मग मला नियमाप्रमाणे दूर ठेवून प्राप्तीने लसणावर सॉसेजचा खिमा लालसर परतला, त्यात वाफवलेले वाल आणि टोमॅटो घातले, शेव घातली, तिच्याच पाण्याचा एक डाव ओतला, वरून मिरी आणि चीज. मोहनाची उरलेली कणीक आजीने माझ्यातूनच तेलात सोडली आणि तळून काढली. वाया काही घालवायचं नाही, ही आमच्या घरची रीत आहे.

गौरीताई आल्या. आधी त्यांनी तळलेली शेव खाल्ली आणि अजून मागितली. मग पास्ता खाल्ला, अगदी निवांत. ताट पुसून झाल्यावर हा पास्ता कुठून मागवला असं त्यांनी विचारलं. उत्तर प्राप्तीने द्यायचं होतं, पण सत्यवतीबाईंना राहवलं नाही.

"मागवलेला न्हाय. आमच्या सोऱ्याचा हाय."

चकलीवरून गाल फुगवणाऱ्या माझ्या मालकिणीने माझं नाव स्वतःहून घेतलं! आणि प्राप्तीला स्वयंपाकघर मिळालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. सोमवारी सत्यवतीबाईंनी मला फडक्यात गुंडाळलं आणि मितेशच्या टेम्पोत बसल्या. कशासाठी, ते कुणाला सांगितलं नाही. अलिबागेतल्या भांड्यांच्या दुकानात त्यांनी मला काउंटरवर ठेवलं. शेजारीच तराजू होता, आणि पलीकडे मोडीचा ढीग. काम झालं की सोऱ्याची गरज सरली, असं मी स्वतःला बजावलं. इतका अभिमानी मी, पण तेव्हा माझा धीर सुटला.

दुकानदाराने मला तराजूकडे नेलं नाही. त्याने नाव घालायचं यंत्र हातात घेतलं. पूर्वी ठक ठक व्हायची, आता नुसती गुणगुण आणि गुदगुल्या. रंगूबाईंच्या ओळीखाली त्याने दुसरी ओळ उमटवली, 'चि. प्राप्ती हिस आजीकडून'.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर एखादं काळवंडलेलं भांडं असेल. त्याला मोडीत द्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी एवढीच विनंती आहे की पोतं बांधण्याआधी त्याला एकदा चिंच-मिठाने घासा आणि त्याच्यावर कुणाचं नाव आहे ते वाचा.