बसणाऱ्याचा अर्ज

“माणसानं आयुष्यात एकदा तरी सौंदर्याला समोरासमोर भेटायला हवं,” पुतळाकाकांनी जाहीर केलं.

“भेटा. पण आधी पाय वर घ्या,” काकू म्हणाल्या. “फरशी पुसायचीय.”

काकांनी पाय वर घेतले. वाक्य तसंही त्यांचं स्वतःचं नव्हतं. चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला ते दर वर्षी उच्चारलं जाई आणि काकांनी ते एकोणतीस वेळा, चार वेगवेगळ्या प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलं होतं. प्राध्यापक बदलले, वाक्य टिकलं. ते ऐकताना काका वर्गाच्या मधोमध चौथऱ्यावर, लाकडी खुर्चीत, मान किंचित डावीकडे वळवून बसलेले असत. तीच त्यांची नोकरी होती. विद्यार्थ्यांनी चित्र काढायचं आणि काकांनी हलायचं नाही.

त्याआधी ते एका छापखान्यात होते. छापखाना बंद पडला, तेव्हा कुणीतरी सांगितलं की कॉलेजात बसायला माणूस हवाय. दुसरं काही मिळेपर्यंत म्हणून काका जाऊन बसले, ते आता या महिनाअखेरीला निवृत्त होईपर्यंत. मुलांनी त्यांना पुतळाकाका म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. शेजारीपाजारी विचारत, तेव्हा काकू ‘कॉलेजात असतात’ एवढंच सांगत. काय शिकवतात असं कुणी खोदून विचारलंच तर म्हणत, “संयम.”

काकांच्या आधी त्या खुर्चीत जो म्हातारा बसायचा, त्याने जाताना त्यांना धंद्याचे दोन नियम सांगितले होते. बसणाऱ्याने स्वतःचं चित्र बघायचं नाही आणि चौथऱ्यावरून बोलायचं नाही. “बघितलंस की तू चेहरा नीटनेटका करायला लागशील. आणि बोललास की पोरं तुला माणूस समजायला लागतील. मग त्यांना रेघ ओढवत नाही.”

काकांनी दोन्ही नियम पाळले. मधल्या सुट्टीत ते बोर्डांच्या रांगेतून मान खाली घालून बाहेर पडत. आपण कागदावर कसे दिसतो हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. ऐकलं मात्र पुष्कळ होतं. “नाक लांब झालंय.” “कान खाली आणा.” “उजवा खांदा कुठे गेला?” हे रोज त्यांच्याविषयी, त्यांच्यादेखत चाले. स्वतःच्या तोंडाच्या इतक्या चुका ऐकलेला माणूस आरसा कसा बघत असेल, असं कुणालाही वाटेल. काका आरसा दाढीपुरता बघत.

तर हे पुतळाकाका आता पदवीचा अभ्यासक्रम करायचं म्हणत होते.

कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘किमान वय सतरा’ असं छापलेलं होतं. कमाल वयाची ओळ नव्हती. काकांनी पत्रक अकरा वेळा वाचलं, मागच्या पानावरचा छापखान्याचा पत्तासुद्धा वाचला. ओळ नव्हती. बारावी ते तरुणपणीच पास झाले होते आणि तो कागद काकूंनी पेटीच्या तळाशी अंथरलेला होता, तो झटकून वर काढला.

मग काका योजना आखायला बसले. त्यांच्याइतकी चांगली योजना कुणालाच आखता आली नसती, कारण एकोणतीस तुकड्यांचं काय काय होतं ते त्यांनी न हलता पाहिलेलं होतं.

“पहिल्या वर्षी पोरं नको तेवढे रंग आणून ठेवतात,” ते काकूंना समजावू लागले. “दुसऱ्या वर्षी दाढी वाढवतात. तिसऱ्या वर्षी प्रेमात पडतात आणि चौथ्या वर्षी अपुरं काम पुरं करताना रडतात. हे चारही टाळलं की पदवी हातात.”

“तिसऱ्या वर्षाचं तेवढं लक्षात ठेवा,” काकू म्हणाल्या.

अडचण एकच होती. अर्जावर दोन चौकोन होते. एक चित्रकलेचा, एक कलेच्या इतिहासाचा. दोन्हींत खूण करता येत नव्हती.

काकूंचं मत इतिहासाकडे होतं. “सगळे तास तुम्ही आधीच ऐकलेत. परीक्षेलाही बसूनच लिहायचं. सवयीचं काम.”

यात तथ्य होतं. कुठल्या शतकात सावल्या गडद झाल्या आणि कुठल्या शतकात लोकांनी घोड्यांचे पाय चुकीचे काढले, हे काका झोपेतून उठवलं तरी सांगत. उलट चित्रकलेच्या बाजूला त्यांच्या हातून आजवर एक रेघ निघाली नव्हती. पण त्यांची पेन्सिल पुन्हा पुन्हा त्याच चौकोनापाशी जाऊन थांबे.

“अहो, का पण?” शेवटी काकूंनी विचारलं.

काकांनी थोडा वेळ घेतला. वेळ घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

“एकोणतीस वर्षं मला बघतायत सगळे. तीन-तीन तास. इतकं काय बघतात गं? मला एकदा कुणाकडे तरी तसं बघायचंय.”

काकूंनी पेन्सिलीला टोक काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी कॉलेजच्या ऑफिसात अर्ज दिला. खिडकीतल्या कारकुनाने तो घेतला आणि न बघताच म्हणाला, “मुलाचा का?”

“माझा.”

कारकुनाने चष्मा वर केला, खाली केला. “काका, वय?”

“कमाल वय लिहिलेलं नाही पत्रकात.”

“लिहिलेलं नाही, कारण लिहायची वेळच कधी आली नाही.”

“मग आता आलीय तर लिहा. पण पुढच्या वर्षीच्या पत्रकात. यंदाचं छापून झालंय.”

छापखान्यातला अनुभव असा उपयोगी पडला. कारकून अर्ज घेऊन विभागप्रमुख बाईंकडे गेला. या बाई वीस वर्षांपूर्वी याच वर्गात शिकल्या होत्या. पावलं काढायचा त्यांना कंटाळा, म्हणून चित्रात काकांच्या पायांवर त्या कायम चादर घालत. हे काकांनी चित्र न बघताही ओळखलं होतं, कारण सर रोज ओरडत, “या माणसाला पाय आहेत की नाहीत?” बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि सही केली. म्हणाल्या, “नियमात बसतंय ना? मग बसू दे.”

चित्रकलेच्या प्रवेशपरीक्षेला दोन आठवडे होते. काकांनी घरी सराव सुरू केला. समोर बसायला काकूंशिवाय कुणी नव्हतं आणि काकूंना बसायची सवय नव्हती.

“हलू नकोस.”

“गॅस कोण बंद करेल?”

गॅस बंद करून त्या परत आल्या, तेव्हा पदर दुसऱ्या खांद्यावर गेला होता. मग दारावर कुणी आलं. मग बटण लावायचा शर्ट घेऊन त्या बसल्या आणि बसल्या बसल्याच तीनदा उठल्या. आपल्याला जो पगार मिळत होता तो उगीच मिळत नव्हता, हे काकांना त्या दिवशी प्रथम कळलं.

पण चौथ्या दिवशी त्या पाच मिनिटं सलग बसल्या. काका बघत राहिले. काकूंची डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर होती. जणू त्या एका डोळ्याने जगाचं ऐकून घेत होत्या आणि दुसऱ्याने ‘असं का?’ विचारत होत्या. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती.

“ही भुवई अशी कधीपासून आहे?”

“जन्मापासून. का?”

“काही नाही.”

“असं बघू नका हो,” काकू शर्टात तोंड घालून म्हणाल्या. “काहीतरीच वाटतं.”

त्या दिवशीचं चित्र बटाट्यासारखं आलं. भुवई मात्र जागेवर होती. काकूंनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि मग पेटीच्या तळाशी, जिथे बारावीचा कागद होता तिथे अंथरला.

परीक्षेच्या दिवसासाठी काकांनी रीतसर रजा टाकली. कारण: प्रवेशपरीक्षा. वर्गात बावन्न उमेदवार होते. काकांना सदतिसावा नंबर आला होता, खिडकीजवळचा, चौथऱ्यापासून चौथ्या रांगेत. त्यांनी बोर्ड लावला, कागद टाचला, दोन पेन्सिली ओळीत ठेवल्या. खोली त्यांना ओळखू येईना. ती इतकी वर्षं त्यांनी फक्त एका बाजूने पाहिली होती.

प्रश्नपत्रिकेत एकच ओळ होती: ‘समोर बसलेल्या व्यक्तीचे रेखाचित्र काढा. वेळ तीन तास.’

समोर बसलेली व्यक्ती म्हणजे कॉलेजच्या कार्यशाळेतला सुतार. काकांच्या जागी आयत्या वेळी त्यालाच आणून बसवलं होतं. माणूस भला होता आणि चेहरा चित्रात घ्यावा असा होता. पण जन्मभर काही ना काही ठीक करत आलेल्या माणसाला हात मांडीवर ठेवून बसवणं म्हणजे त्याला शिक्षाच.

दहाव्या मिनिटाला खुर्ची करकरली. सुतार उठला, खुर्ची उलटी केली, पाय ठोकून बघितला.

“बसा हो,” पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. त्याच विभागप्रमुख बाई.

“सांधा सुटलाय बाई. एक मिनिट.”

तो बसला. विसाव्या मिनिटाला त्याला पहिल्या रांगेतला एक स्टँड डुगडुगताना दिसला. त्याने स्वतःला आवरलं. पुन्हा दिसला. पुन्हा आवरलं. पंचविसाव्या मिनिटाला तो उठून त्या स्टँडखाली पाचर मारत होता. तोपर्यंत कुणाच्या कागदावर त्याची मान डावीकडे होती, कुणाच्या उजवीकडे, आणि एका उमेदवाराने तर तो उठतानाच काढला होता.

“बाई, असं कसं काढायचं?” मागून कुणीतरी म्हणालं. मग चार-पाच जण एकदम म्हणाले. परीक्षा पुढे ढकलायची तर बावन्न जणांना पुन्हा बोलवावं लागणार होतं.

बाई रांगेतून चालत सदतीस नंबरपाशी आल्या आणि वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या, “काका.”

काका कागदाकडे बघत राहिले. कागदावर सुताराची एक भुवई होती, जागेवर.

“नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाला,” बाई म्हणाल्या. “रजेवर आहात. पण बाकीची एक्कावन्न मुलं...”

“आणि माझी परीक्षा?”

बाई पाय नसलेल्या चित्रासारख्या उभ्या राहिल्या.

काकांनी चौथऱ्याकडे पाहिलं. मग प्रश्नपत्रिका उचलली आणि चष्मा सारखा करून पुन्हा वाचली. छापलेला मजकूर नीट वाचावा ही त्यांची जुनी खोड.

“‘समोर बसलेल्या व्यक्तीचे’ असं आहे,” ते म्हणाले. “कुणाच्या समोर ते लिहिलेलं नाही.”

“म्हणजे?”

“मी बसतो. पण बोर्ड माझ्या मांडीवर राहील.”

बाईंनी एक क्षण विचार केला. “पोझ म्हणून चालेल,” त्या म्हणाल्या आणि नव्या कागदांचा गठ्ठा आणायला वळल्या.

सगळ्यांना नवा कागद आणि नवी वेळ मिळाली. सुतार सुटल्यासारखा दारापाशी जाऊन बिजागऱ्या बघू लागला. काका चौथऱ्यावर चढले, खुर्चीत बसले. खुर्ची करकरली नाही; ते काम झालेलं होतं. मान किंचित डावीकडे गेली, कुणी न सांगता. मांडीवर बोर्ड, हातात पेन्सिल, आणि समोर एक्कावन्न माणसं बसलेली.

पहिल्या रांगेत, स्टँडखाली पाचर मारलेल्या जागी, एक मुलगी होती. काकांनी तिला निवडलं, कारण मान न हलवता तीच दिसत होती. तिच्या कपाळावर आठी होती, तोंडात दुसरी पेन्सिल होती आणि ती काकांकडे अशी बघत होती, जणू त्यांच्याकडून हिशेबाचं उत्तर येणार आहे. काका तिच्याकडे बघू लागले.

पहिला अर्धा तास काही नीट आलं नाही. मग कपाळ आलं. मग एक डोळा. कुणाचाही डोळा इतका वेळ बघितला की त्यात भीती दिसते, हे कुठल्याही शतकाच्या तासाला कुणी सांगितलेलं नव्हतं. या पोरीचं सगळं या एका कागदावर अवलंबून होतं आणि ती घाबरलेली होती. काकांच्या मनात आलं, माझ्याकडे बघताना यांनाही असंच काही दिसत असेल का? एकोणतीस वर्षं? कुणी बोललं नाही ते.

नाक लांब झालं. त्यांनी ते स्वतःच ओळखलं आणि खोडलं. आता हात थोडा ऐकायला लागला होता.

“काका,” ती मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

वर्ग शांत होता. बाई खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारख्या बाहेर बघत होत्या.

“काका, तुमचा उजवा हात सारखा हलतोय. तेवढा पाच मिनिटं स्थिर ठेवता का? बाकी सगळं झालंय माझं.”

काकांनी हात होता तिथे थांबवला. पेन्सिलीचं टोक कागदापासून जवभर वर राहिलं. हात इतका स्थिर झाला की दारातल्या सुतारानेही वळून पाहिलं. आणि मग, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच, पुतळाकाका चौथऱ्यावरून बोलले.

“ठेवतो, बाळ. फक्त तूही ती तोंडातली पेन्सिल काढ जरा. तुझी हनुवटी काढायची राहिलीय माझी.”