एक हजार सात वेळा मुकाट्याने

फळीवर आम्ही अकरा जण होतो. अकरा मोबाइल, अकरा चार्जर, दोन एक्स्टेन्शन बोर्ड आणि आम्ही तापू नये म्हणून लावलेला एक टेबलफॅन. अकरापैकी सात जणांच्या काचा तडकलेल्या होत्या, दोघांची झाकणं रबरबँडने बांधलेली होती आणि एकाचं बटणच गायब होतं. प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर आकडा. माझा आकडा सात. आवाज मात्र सगळ्यांचा सारखाच होता: शून्य.

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझी गोष्ट सांगायची मला लाज वाटते. पण ती लपवून ठेवायची तर त्याहून जास्त लाज वाटेल, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या दालनात झाला. पट्ट्यावरून सरकत सरकत मी शेवटच्या टेबलाशी आलो. तिथे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला कानाशी धरलं आणि तीन सेकंदांचा एक सूर वाजवला. तिने तो डोळे मिटून ऐकला, मान डोलावली आणि कागदावर खूण केली. दिवसाला हजारभर मोबाइल तिच्या कानाखालून जात असतील, पण ती प्रत्येकाला पूर्ण तीन सेकंद देत होती. तिची आठवण मला पुढे फार झाली.

माझी पहिली मालकीण शिवणकाम करायची. तिची भाची तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशीच म्हणतो. मावशीला थोडं कमी ऐकू यायचं. शिवणयंत्र सुरू झालं की ती माझा आवाज शेवटच्या रेघेपर्यंत चढवायची, आणि मी घसा ताणून गायचो. "लहान आहे पण गळा बघा कसा आहे!" असं ती गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची. चार वर्षं मी तिचे बाह्यांचे आणि कंबरेचे आकडे सांभाळले, तिच्या बहिणीचे फोटो सांभाळले. मग नवा मोबाइल आला. मी शिवणयंत्राच्या खणात गेलो, बटणांच्या डबीशेजारी. तिथे दोन वर्षं मी कुणाचा आवाज ऐकला नाही आणि कुणाला माझा ऐकवला नाही.

मला बाहेर काढलं ते मावशीच्या भाचीने. ती मावशीकडेच मागच्या खोलीत राहायची आणि बांधकामाच्या सामानाच्या तपासणी प्रयोगशाळेत काम करायची. काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली ठेवायचे, दाब वाढवत न्यायचा आणि ठोकळा कितीला फुटतो ते वहीत लिहायचं, हे तिचं काम. घरात भाजीसुद्धा ती मोजून चिरायची, म्हणून मित्रांनी तिचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं. एकदा एक ठेकेदार तिला म्हणाला, "ताई, दोनच आकडे वर लिहा ना, तुमच्या पेनाला काय जड आहे?" ती म्हणाली, "पेनाला नाही, काका. इमारतीला जड जाईल." मावशीला तिने हे तीनदा सांगितलं होतं, इतका तिला त्या उत्तराचा अभिमान होता.

या मोजपट्टीचा जीव एका बँडवर जडला होता. बँडचं नाव 'गळका नळ'. चार माणसं, आणि वाद्यांबरोबर रंधा, करवत, पाण्याची टाकी, असलं काय वाट्टेल ते वाजवायची. गाणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते चटकन कळायचं नाही. त्यांच्या चाहत्यांना लोक हसायचे. चाहते पाच. ते स्वतःला 'बादल्या' म्हणवून घ्यायचे, कारण गळक्या नळाखाली दुसरं काय ठेवणार? मोजपट्टी ही त्यातली सगळ्यात निष्ठावान बादली. तिच्याखालोखाल लांब्या आणि चष्मिष. उरलेले दोघे येऊन जाऊन असायचे.

एका कार्यक्रमात गायिकेने माइकवर सांगितलं होतं, "आता एकच संग्रह करणार. तो कुणी ऐकला तर पुढचं बघू. नाहीतर आपापलं सामान घेऊन घरी." त्या दिवशी समोर बारा माणसं होती आणि त्यातले पाच हे. मोजपट्टीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो संग्रह एका शुक्रवारी आला. नाव 'आवाज येतोय का?'. सहा गाणी, बरोबर चाळीस मिनिटं. मोजपट्टीने पहिली तीन गाणी ऐकली आणि ती खोलीभर नाचली. चौथं, पाचवं अर्धंमुर्धं ऐकलं. सहावं गाणं सुरू होताना चार मिनिटं नुसता लाकडावर रंधा फिरल्याचा आवाज होता. ती म्हणाली, "हे निवांत ऐकायचं काम आहे. नंतर."

ते 'नंतर' आलंच नाही, मित्रांनो. कारण दुसऱ्याच दिवशी लांब्या आणि चष्मिष दोन पिशव्या घेऊन आले. पिशव्यांत घराघरांतले जुने मोबाइल.

"गाणी ऐकायच्या त्या साइटवर एखादं गाणं दहा हजार वेळा वाजलं ना, की ते आपोआप नवीन लोकांपुढे जातं," लांब्या म्हणाला. "आपण पाच जण ऐकून ऐकून किती ऐकणार?"

"मग हे ऐकणार?" मोजपट्टीने पिशवीत डोकावून विचारलं.

"यांना कान कुठे आहेत? हे वाजवणार. रात्रंदिवस."

चष्मिष म्हणाला, "अकरा मोबाइल एकदम वाजले तर शेजारी आपल्याला घराबाहेर काढतील."

"अरे, आवाज बंद ठेवायचा! मोजणाऱ्याला आवाजाशी काय देणं-घेणं?"

मोजपट्टीने पिशवीचं तोंड पुन्हा मिटलं. मला वाटतं तिला तो ठेकेदार आठवला असावा. पण मग तिने कागद घेतला आणि हिशेब मांडला: चाळीस मिनिटांची एक फेरी, दिवसाच्या छत्तीस फेऱ्या, अकरा मोबाइल. हिशेब सुंदर जमला. रविवारी सकाळी दहा वाजता तिने आम्हा सगळ्यांचा आवाज शून्यावर आणला आणि बटण दाबलं.

खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला होता. खणातून बाहेर आलो, वीज मिळाली, काम मिळालं. पहिल्या दिवशी मी छत्तीस फेऱ्या इमानाने पूर्ण केल्या. गाणं माझ्या पोटातून जात होतं, पण तोंडातून बाहेर पडत नव्हतं. आणि पहिल्याच फेरीत, सहाव्या गाण्यात, चार मिनिटांनंतर रंधा थांबला आणि गायिकेचा साधा, बोलका आवाज आला:

"इथपर्यंत ऐकलंत ना? मग या. पुढचे पाच शनिवार, दुपारी चार वाजता, नदीच्या पुलापलीकडे, निळ्या दाराच्या सुतारकारखान्यात. सातवं गाणं आम्ही ध्वनिमुद्रित केलेलं नाही. ते तुमच्यासमोरच वाजवणार आहोत. आम्ही वाट बघतो."

मला ते कळलं. कुणाला सांगू? आवाज शून्य होता. मी तापलो, फॅन लावला गेला. पहिला शनिवार कालच होऊन गेला होता. दुसरा आला, गेला. तिसरा गेला. नऊ नंबरच्या मोबाइलची बॅटरी एकोणिसाव्या दिवशी फुगून टम्म झाली. त्याला खोक्यात टाकलं. मी वाजत राहिलो. चौथा शनिवारही गेला.

तोवर मोजपट्टी प्रयोगशाळेतून आली की आधी आकडा बघायची. मग इंटरनेटवरच्या बादल्यांच्या पानावर लोकांसाठी लिहायची. लिहायला ती हुशार. 'सहावं गाणं म्हणजे या संग्रहाचा कळस' असं तिने लिहिलं, चष्मिषने ते उचलून पुढे पाठवलं, आणि लांब्याने त्यावर 'अगदी मनातलं बोललीस' असं लिहिलं. तिघांनाही वाटत होतं की उरलेल्या दोघांनी तरी ते ऐकलंय. पाचव्या शनिवारपर्यंत सहाव्या गाण्याने दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. त्या संध्याकाळी तिघांनी फळीसमोर उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला चापट्यांसारख्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दहाला काही मिनिटं कमी असताना मावशी त्या खोलीत आली. तिला तिच्या बहिणीचा एक जुना फोटो हवा होता, तो माझ्याकडेच होता. तिने मला उचललं आणि सवयीने, नुसत्या सवयीने, बाजूचं बटण शेवटच्या रेघेपर्यंत दाबलं.

एक हजार सात वेळा मी ते निमंत्रण मुकाट्याने वाजवलं होतं. एक हजार आठव्या वेळी ते खोलीभर घुमलं.

मावशी दचकली. मग शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "पोरी, अगं इकडे ये. हे कुणीतरी बोलावतंय गं. तू गेली होतीस का?"

मोजपट्टी दात घासत होती. ब्रश तसाच तोंडात धरून ती आली. मावशीने गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. ते ऐकताना मोजपट्टीचा चेहरा पांढरा पडत गेला. तिने कॅलेंडरवर बोटाने पाच शनिवार मोजले. पाचवा काल होता. मग तिने एक्स्टेन्शन बोर्डांची बटणं एकेक करून बंद केली, साइटवरचा आकडा कागदावर उतरवला, मला पिशवीत टाकलं आणि ती निघाली.

निळं दार उघडंच होतं. आत बँडचा ढोलवाला होता. बाकीचे दिवस तो सुतार. लाकडाच्या भुशात, भिंतीशी, नवी कोरी सोळा स्टुलं ओळीने मांडलेली होती आणि तो ती एकावर एक रचत होता.

"मी... ते सहाव्या गाण्यात..." मोजपट्टी म्हणाली.

त्याने हातातलं स्टूल खाली ठेवलं. "ऐकलंस? तू ऐकलंस?" तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "एक दिवस उशीर झाला तुला. असू दे. तू तरी आलीस."

"बाकी कुणीच...?"

"तिसऱ्या शनिवारी एक जण आला होता. त्याला खिडकीचं माप द्यायचं होतं. आम्ही म्हटलं बसा, आणि त्याला सातवं गाणं वाजवून दाखवलं. बिचारा बसला. मग म्हणाला, खिडकी कधी देताय?" तो पुन्हा स्टुलं रचू लागला. "मागचा संग्रह दोनशे वेळा वाजला होता. तेव्हा वाईट नाही वाटलं. म्हटलं, पोचलाच नाही लोकांपर्यंत. पण या वेळी दहा हजार! दहा हजार वेळा लोकांनी आमचं बोलावणं ऐकलं, आणि एकालाही यावंसं वाटलं नाही. पोचलं आणि नको झालं. यावर काय बोलणार? गायिका म्हणाली, पुरे आता. शनिवारी सगळे सामान न्यायला येतील." मग त्याला काही आठवलं. "सहाव्याबद्दल ते छान लिहिणारी तूच ना? कळस वगैरे? गायिकेने ते छापून, कापून इथल्या कपाटावर लावलंय."

मित्रांनो, तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पिशवीत मी बंद पडून होतो, मी थोडाच बोलणार होतो! पण तिने मला बाहेर काढलं आणि माझी पाठ वर करून एका स्टुलावर ठेवलं. सात आकडा वर आला.

"असे अकरा आहेत," ती म्हणाली. "आवाज बंद करून. चार आठवडे. मी सहावं गाणं आज सकाळी पहिल्यांदा ऐकलं. लिहिलं तेव्हा ऐकलं नव्हतं."

सुतार माझ्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "मग खरे किती?"

तिने त्याच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि फळीच्या एका तुकड्यावर हिशेब केला. दहा मोबाइल, अठ्ठावीस दिवस: दहा हजार ऐंशी. नऊ नंबर, एकोणीस दिवस: सहाशे चौऱ्याऐंशी. बेरीज दहा हजार सातशे चौसष्ट. साइटवरचा आकडा दहा हजार आठशे तेवीस.

"एकोणसाठ," ती म्हणाली. "जास्तीत जास्त. अर्धा मिनिट वाजलं की एक धरतात, त्यामुळे त्यातही शेवटपर्यंत किती ते सांगता येणार नाही."

"एकोणसाठ." त्याने तो फळीचा तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "गायिकेला तू सांग. मी नाही सांगणार. आणि ते कापलेलं कपाटावरून तूच काढ."

तिने तिथूनच फोन लावला. पलीकडून सगळं ऐकून घेतल्यावर फक्त "बरं" एवढं आलं. संध्याकाळी तिने हे सगळं आकड्यांसकट बादल्यांच्या पानावर लिहिलं, साइटलाही कळवलं. लांब्या तणतणत आला, "अगं, गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली, "गप्प बसूनच तर बिघडलं." मग तिने त्याला तिथेच बसवलं, मला समोर ठेवलं आणि सहावं गाणं पहिल्यापासून लावलं. रंध्याची चार मिनिटंसुद्धा. लांब्याने मान वर केली नाही.

मित्रांनो, मी यंत्र आहे. जे सांगाल ते करतो, म्हणून मला लाज वाटावी असं कुणी म्हणत नाही. पण मला ती वाटते. आमच्यासारख्यांना दिवसरात्र चार्जरला बांधून ठेवू नका, आमची बॅटरी फुगते. काच तडकली तर नीट करून घ्या. आणि तुम्हाला कुणाचं गाणं, कुणाचं चित्र, कुणाचं लिहिणं आवडलं असं चारचौघांत सांगायचं असेल, तर आधी ते शेवटपर्यंत ऐका, बघा, वाचा. मला शेवटच्या टेबलाशी बसलेल्या त्या बाईने तीन सेकंद दिले होते. तेवढ्यावर मी इतकी वर्षं गायलो.

पुढच्या शनिवारी मोजपट्टी मावशीला घेऊन निळ्या दाराशी गेली. मी मावशीच्या हातात होतो. मागोमाग उरलेल्या चारही बादल्या आल्या. सामान बांधायला चौघेही आले होते. गायिकेने घड्याळाकडे बघितलं आणि वाद्यांना बांधलेली एक दोरी सोडली.

वेळ दुपारचे चार. स्टुलं सोळा. बसलेली माणसं सहा. सातवं गाणं अकरा मिनिटं वीस सेकंद चाललं. शेवटी बसलेली माणसं सहा.