टाचा टेकवून

मित्रांनो, 'तू अजून लहान आहेस' असं सांगून तुमच्यापैकी कुणाला कधी फाटकातून परत पाठवलं असेल, तर त्याने जरा पुढे सरकून बसावं. परत पाठवणारी ती मीच. मी उंची मोजायची एक जुनी फळी आहे.

जन्मतः मी काही अशी कडक नव्हते. इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये मी लांबलचक बाकाची पाठ होते. माणसं मला टेकून बसायची आणि प्रवचन लांबलं की माझ्याच आधाराने डुलक्या काढायची. पुढे ते चर्च बंद पडलं, बाक विकले गेले, आणि एका थीम पार्कच्या सुताराने मला उचललं. त्याने मला घासून गुळगुळीत केलं, उभं केलं आणि माझ्यावर एक जिराफ रंगवला. जिराफ चांगला जमला होता, फक्त एक डोळा थोडा तिरळा झाला. त्या जिराफाच्या मानेवरून त्याने एक जाड पिवळी रेघ ओढली. त्या दिवसापासून मला मान मिळाला आणि शत्रूही मिळाले.

माझी जागा होती फुग्यांच्या राइडपाशी. मोठमोठे रंगीत फुगे, प्रत्येकाखाली वेताची टोपली, आणि टोपलीत बसलं की फुगा गोल फिरत वर वर जायचा. नियम साधा होता. माझ्या पिवळ्या रेघेपेक्षा जो बुटका, त्याने एकट्याने बसायचं नाही. त्याच्याबरोबर रेघेला पोहोचलेलं कुणीतरी हवं. वय कुणी विचारत नसे, फक्त उंची.

काय सांगू, किती मुलांनी मला लाथा मारल्या! कुणी जिराफाच्या नाकाला च्युइंगम चिकटवलं, कुणी किल्लीने आपलं नाव कोरलं. राइड चालवणारी डोरीनबाई रोज संध्याकाळी कपाळाला आठ्या घालून ते च्युइंगम खरवडायची. पण रेघेला डोकं लागलं की तीच मुलं माझ्या गळ्यातही पडायची. 'टाचा खाली टेक' हे वाक्य मी इतक्या भाषांत ऐकलंय, की तुमची मराठी मला आली यात नवल काहीच नाही.

मला सगळ्यात आवडायची ती संध्याकाळची जादा वेळ. सहा वाजता पार्क सगळ्यांसाठी बंद व्हायचं. गर्दी बाहेर पडली की झाडांवरचे कावळे खाली उतरून सांडलेले चिप्स वेचायचे. मग मागच्या कुंपणातलं छोटं फाटक उघडायचं, ते फक्त शेजारच्या हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांसाठी. कुणी पोहून आलेले, केस ओले. कुणी सपाता घालूनच आलेले. उन्हाळ्यात तिथे त्या वेळी चांगलं लख्ख ऊन असतं. रांग नाही, ढकलाढकली नाही. दिवसभर वसावसा ओरडणारी डोरीनसुद्धा तेव्हा खुर्चीत बसून सगळ्यांना लाडाने 'लव्ह' म्हणायची.

२००५ सालच्या जूनमधली अशीच एक संध्याकाळ होती. त्या फाटकातून एक कुटुंब आलं. पुढे नऊ वर्षांची उल्का. तिच्या हाताला धरून पाच वर्षांचा नील. त्यांच्यामागे त्यांची आई भावना, पोटावर हात ठेवून सावकाश चालत, कारण तिला सातवा महिना होता. आणि सगळ्यांच्या मागे, तीन पिशव्या सांभाळत, भीमाबाई. भीमाबाई म्हणजे मुलांची आजी. सुनेच्या बाळंतपणासाठी औरंगाबादहून खास इंग्लंडात, बेसिंगस्टोकला मुलाच्या घरी आलेली. उंचीने वामनमूर्ती, पाठीला बाक, पांढरं लुगडं, आणि लुगड्याखाली मुलाने घेऊन दिलेले फुगीर स्पोर्ट्स शूज.

नीलचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, निळ्या फुग्यावर. सकाळी तिथे सापासारखी रांग होती. तेव्हा त्याच्या बाबांनी, म्हणजे विक्रांतने, त्याला शब्द दिला होता, 'संध्याकाळी हॉटेलवाल्यांचा वेळ असतो, तेव्हा मी तुला घेऊन बसतो.' बिचाऱ्याने त्या शब्दावर अख्खा दिवस काढला. आणि ऐन वेळी विक्रांतला ऑफिसचा फोन आला. कुठला तरी सर्व्हर बंद पडला होता. तो हॉटेलच्या बागेत फोन कानाला लावून फेऱ्या मारत बसला.

"मम्मी, तू चल ना," नील म्हणाला.

भावनाने माझ्याशेजारच्या पाटीकडे बोट दाखवलं. "बघ, गरोदर बायकांना अलाउड नाहीये, राजा. आणि उद्या सकाळी ब्रेकफास्ट झाला की आपण निघणार. नेक्स्ट इयर येऊ."

नीलचा खालचा ओठ पुढे आला. तो रडला नाही, पण ते न रडणंच बघवेना. मला त्या क्षणी माझीच लाज वाटली. पण फळी काय करणार? रेघ हलत नाही.

तेवढ्यात उल्का म्हणाली, "मी नेते त्याला. मी बिग आहे आता." ती बाथरूमला म्हणून गेली आणि परत आली तेव्हा तिचे केस डोक्याच्या अगदी मधोमध, घट्ट बांधून उभे केलेले होते. तिच्या जीन्स त्या काळच्या फॅशनच्या, खाली घेरदार, जमिनीवर लोळणाऱ्या. ती माझ्याशी पाठ लावून उभी राहिली. डोरीनने तिच्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरली. पट्टी बरोब्बर रेघेला टेकली! नीलने उडी मारली.

"थांबा," मागून आवाज आला.

भीमाबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या होत्या. त्यांनी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून हयात घालवली होती. हजारो पोरांची वजनं-उंच्या त्यांनी घेतलेल्या. त्या खाली वाकल्या आणि उल्काच्या जीन्सचा घेर वर उचलला. आत पोरगी बोटांवर उभी!

"टाचा टेकव."

उल्काने टाचा टेकवल्या.

"आता तो केसांचा डोंगर सोड."

"आजी, प्लीज! माझा बन कुणाला बॉदर करत नाहीये."

"मला करतोय. चोरून मिळालेलं आपल्याला नको."

केस सुटले, पट्टी खाली आली. चार बोटं कमी. उल्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तू मीन आहे आजी. मी प्रॉमिस केला होता नीलला," ती म्हणाली. भीमाबाईंनी नातीला पकडलं खरं, पण आता नातवाचं तोंड बघायची त्यांचीही हिंमत होईना. मग त्यांनी पदर खोचला.

"कुणीतरी मोठं माणूस हवंय ना? मी काय माणूस नाही का? मी बसते."

भावना दचकली. "आई, तुम्ही? उंच जातो तो फुगा. तुम्हाला चक्कर आली तर?"

"विमानाने आले की मी! ते काय जमिनीवरून आणलं?"

डोरीनने हसून फाटक उघडलं. मोठ्या माणसांना कोण मोजतं? "या लव्ह, बसा," ती म्हणाली. पण भीमाबाई आत गेल्या नाहीत. त्यांनी एकदा उल्काकडे पाहिलं, एकदा माझ्या रेघेकडे.

"तिला मोजलं, तर मलाही मोजा," त्या म्हणाल्या. भावनाने ते डोरीनला इंग्रजीत सांगितलं. डोरीन नको नको म्हणत राहिली. पण भीमाबाईंनी खाली बसून ते फुगीर बूट काढले, बाजूला नीट जोडून ठेवले, आणि मोज्यांवर माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

मित्रांनो, मी तोवर लाखभर पाठी टेकवून घेतल्या असतील. ही पाठ मला नीट लागेचना. मधे बाक होता. वर्षानुवर्षं रोग्यांच्या खाटांवर, पाळण्यांवर वाकून वाकून पडलेला. डोरीनने पट्टी धरली. पट्टी रेघेच्या खाली राहिली.

फुगे रिकामेच हलत होते. डोरीन पट्टी हळूच वर सरकवायला लागली, पण भीमाबाईंनी तिचा हात धरला. नील तर आजीच्या डोक्याकडे टक लावून बघत होता, जणू बघितल्याने ते वाढणार होतं.

मग उल्का पुढे आली. राग अजून गेला नव्हता. "आजी, तू बेंड होऊन उभा राहिलीयेस. ग्रेट-ग्रँडपाचं तूच सांगतेस ना, की आपल्या घरातलं कुणी वाकून नाही उभं राहायचं?"

भीमाबाईंचे वडील चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन सगळ्यात पुढे चालायचे. 'ताठ उभी राहा पोरी, कुणापुढे वाकायचं नाही,' असं लहानपणी त्यांनी लेकीच्या पाठीवर थाप मारून सांगितलेलं. ती गोष्ट भीमाबाईंनी नातवंडांना दर रविवारी सांगितली होती. स्वतःच्या पाठीला सांगायची मात्र राहून गेली होती.

त्यांनी डोळे मिटले. आधी कंबर माझ्याशी टेकली. मग पाठ, एकेक मणका करत. मग खांदे. किती दुखलं असेल ते मला कळत होतं, कारण त्यांचा श्वास माझ्या लाकडात जाणवत होता. शेवटी मान सरळ झाली आणि डोक्याचा मागचा भाग माझ्यावर टेकला.

"टाचा?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

उल्का गुडघ्यांवर बसून बघत होती. "टेकल्यात, आजी! दोन्ही टेकल्यात!"

पट्टी रेघेवर होती. वर नाही, खाली नाही, रेघेवर. डोरीनने अशी आरोळी ठोकली की कावळे उडाले.

तिघंही निळ्या फुग्यात बसले. मी फुग्यांच्या बरोबर खाली उभी असल्याने मला नेहमी टोपल्यांचे तळच दिसतात, वरची मजा काही दिसत नाही. पण ऐकू सगळं येतं. नीलचं खिदळणं आलं. मग भीमाबाईंचा खणखणीत आवाज आला, "भावना, अगं आपलं हॉटेल दिसतंय! तळं दिसतंय! आणि तो बघ तुझा नवरा, झुडपाभोवती फेऱ्या मारतोय. ए विक्रांत! ठेव तो फोन!"

कुंपणापलीकडे विक्रांत गोंधळून डावीकडे-उजवीकडे बघायला लागला. मग त्याने वर पाहिलं. आकाशात आपली आई हात हलवतेय, हे दिसल्यावर त्याने फोनमध्ये काहीतरी पुटपुटून तो खरंच खिशात टाकला आणि धावत सुटला. तो पोहोचेपर्यंत त्यांचे तीन फेरे झाले होते. मागे रांगच नव्हती, तर उतरवायचं कशाला? डोरीन नुसती बटण दाबत होती आणि हसत होती. निघताना भीमाबाईंनी बूट घातले, डोरीनला हात जोडून "जय भीम" म्हटलं, आणि मलाही म्हटलं. फळीला असा नमस्कार त्याआधी कुणी केला नव्हता.

पुढची वर्षं मला तितकी दयाळू नव्हती. ऊन-पावसाने जिराफाचे पोपडे निघाले. मग प्लास्टिकची चकचकीत, छापील फळी आली. मला फेकून द्यायचं ठरलं, तेव्हा डोरीन साहेबांशी भांडली आणि मला हॉटेलच्या दिवाणखान्यात, मोठ्या खिडकीजवळ उभं करून घेतलं. संध्याकाळच्या फाटकाची वाट बघणारी मुलं तिथे गंमत म्हणून मापं घ्यायची. मी आता कुणालाच परत पाठवत नव्हते. खरं सांगू? सुरुवातीला जरा चुकल्यासारखं झालं.

आणि २००९च्या उन्हाळ्यात ते पुन्हा आले. उल्का तेरा वर्षांची, उंच शेलाटी. नील बाबांच्या छातीला लागलेला. भावनाच्या हाताला धरून चार वर्षांची वरदा, त्या वेळी पोटात होती ती. आणि भीमाबाई, काठी टेकत.

"अगं, ही तर आपली फळी!" भीमाबाईंनी मला लांबूनच ओळखलं. खुर्चीवर बसून त्यांनी बूट काढले. मला टेकून उभ्या राहिल्या. कंबर, पाठ, खांदे, मान. सगळं त्यांनी लावलं, अगदी मनापासून लावलं. पण मित्रांनो, म्हातारपणी माणूस ताठ उभा राहिला तरी थोडा लहान होतो. डोकं रेघेच्या दोन बोटं खाली राहिलं. मी तेव्हा काय दिलं असतं ती रेघ खाली ओढायला! पण मी फळी आहे, खोटं मला बोलता येत नाही. आणि त्यांना ते चाललंही नसतं.

"टाचा टेकल्यात ना?" त्यांनी विचारलं.

"टेकल्यात, आजी," उल्का हळूच म्हणाली.

मग उल्काने स्वतःचे बूट काढले, केस मोकळे सोडले आणि आजीच्या शेजारी माझ्याशी पाठ लावली. रेघ तिच्या कानाशी होती. तिने काठी वरदाच्या हातात दिली आणि आजीचा हात आपल्या हातात घेतला.

"रूल इज रूल, आजी. रेघेच्या खाली असलेल्याने एकटं बसायचं नाही. आता मी तुला घेऊन बसणार."

भीमाबाई हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. दोघी फाटकाकडे गेल्या. थोड्या वेळाने, आयुष्यात पहिल्यांदाच, मी खिडकीतून झाडांच्या शेंड्यांवर निळा फुगा वर जाताना पाहिला. टोपलीतून दोन हात माझ्या दिशेने हलत होते.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी. जिराफाच्या नाकाला च्युइंगम लावू नका, त्याला आधीच एक डोळा तिरळा आहे. माझ्यापाशी याल तेव्हा टाचा टेकवा, पाठ सरळ ठेवा, आणि आज रेघेला पोहोचला नाहीत तर हिरमुसू नका, रेघ कुठे जात नाही. पण ज्या दिवशी पोहोचाल, त्या दिवशी आधी वळून बघा. घरातलं कुणीतरी हळूहळू तिच्या खाली चाललेलं असेल. त्याचा हात धरा आणि मगच फुग्यात बसा.