डबीची मागची बाजू

दोर्वालिनाला अक्षरं उशिरा भेटली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, चर्चच्या ओट्यावर भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात. तेव्हापासून तिला वाचायची हावच सुटली होती. पिठाचं पोतं, रॉकेलचा डबा, खोकल्याचं औषध, हाताला लागेल ते ती बोट फिरवत वाचायची. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला एकदा सांगितलं होतं, "यादीत जे सगळ्यात जास्त, ते पहिलं लिहितात. तळाशी असतं ते नावापुरतं."

नदीच्या मुखाशी असलेल्या तिच्या माराजो बेटावर खाडीकाठच्या बायका गट करून मुरुमुरूची फळं वेचायच्या. झाड ताडासारखं, अंगभर बोट बोट लांब काळे काटे. खाली पडलेली फळं गोळा करायची, बिया वाळवून फोडायच्या. आतल्या गराचं पांढरंशुभ्र लोणी निघतं. शहरातली एक कंपनी त्या बिया नेऊन चेहऱ्याला लावायची क्रीम बनवायची. यंदा त्यांना डबीवर वेचणाऱ्या बाईचा फोटो हवा होता, आणि निवड झाली दोर्वालिनाची.

ठरल्या दिवशी कंपनीचा ओतावियो फोटोवाल्याला घेऊन नावेतून उतरला. गटाच्या लाकडी ओसरीवर सगळ्या बायका नटून बसल्या होत्या. त्याने नवी डबी दोर्वालिनाच्या हातात दिली. वर सोनेरी अक्षरं: 'मुरुमुरूची ताकद'.

"धरा काकू, गालाजवळ. आणि छान हसा."

दोर्वालिनाने डबी उलटी केली.

"पाणी," ती वाचू लागली. "खनिज तेल. ग्लिसरीन..." पुढचे शब्द जिभेवर वळेनात, तरी तिने एकही सोडला नाही. बायका आधी हसल्या, मग पुढे सरकून ऐकू लागल्या. सोळावा आला सुगंध. सतरावं, अगदी तळाला, मुरुमुरू.

मग तिने झग्याच्या खिशातून, वाचायला म्हणून जवळ ठेवलेली, गावच्या औषधदुकानातली स्वस्तातली क्रीम काढली आणि तीही वाचली. तीच नावं, त्याच क्रमाने. फक्त शेवटचं तेवढं नव्हतं.

"साहेब, आम्ही सुगंधाच्याही मागे?"

"अहो काकू, तुमचं लोणी गुणाचं. थेंबभर पुरतं."

"मग नावही थेंबाएवढंच लिहा की!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. ओतावियोचे कान लाल झाले. त्याने फोटोच्या परवानगीचा कागद पुढे सरकवला. "सही करा आता. उजेड जातोय."

गटाची प्रमुख झेनैदे, दोर्वालिनाची धाकटी जाऊ, तिच्या कानाशी लागली. "ताई, कर ना सही. यांनी बिया घेणं बंद केलं तर खायचं काय? नुसती नदी?"

"बिया विकते मी. तोंड नाही विकणार." दोर्वालिनाने तळवा सगळ्यांसमोर उघडला. "हे काटे इथे मोडलेत. माझ्या तोंडाकडे बघून कुणी पाणी आणि खनिज तेल विकत घ्यायचं? जमणार नाही."

डबी ओतावियोच्या हातात ठेवून ती पायऱ्या उतरली आणि आपल्या होडीत बसली. मागून झेनैदे ओरडत होती, "एवढं शिकलीस ते आमच्या पोटावर पाय द्यायला का?" दोर्वालिनाला ते लागलं. वल्हं मात्र थांबलं नाही.

फोटो मग झेनैदेचाच निघाला. बिया घेणं काही बंद झालं नाही; कंपनीला त्या हव्याच होत्या. तीन महिने जावा एकमेकींशी बोलल्या नाहीत. लोक मात्र दोर्वालिनाकडे येऊ लागले. कुणी नातवाचं मलम आणायचं, कुणी साबणाचं वेष्टन. ती ओसरीवर बसून दोन-दोन वस्तू शेजारी ठेवायची आणि नावं मोठ्याने वाचायची.

एका सकाळी झेनैदे आली. हातात डबी, डबीवर तिचंच हसू.

"वाच," ती उभ्यानेच म्हणाली. "मी कितवी?"

"अजून सतरावी."

झेनैदे डबी मांडीवर घेऊन खाली बसली. "पुढच्या वेळी तो कंपनीवाला आला ना, की तू माझ्याशेजारी बस. मला त्याच्यासमोर ती पहिली तीन नावं नीट म्हणता आली पाहिजेत."

"तीन कशाला?" दोर्वालिना तिच्याकडे सरकली. "सतराच्या सतरा शिकवते."